दाजींचं कुलूप

साबणाची पूड करणाऱ्या कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं वायरमन होतो. वायरमन म्हणजे दिवा लागला तर कुणी ओळखत नाही आणि गेला तर सगळे नाव घेऊन शिव्या देतात, असा प्राणी. तेव्हा पुढचं पटलं नाही तर सोडून द्या. माझं काही अडत नाही.

मधल्या शेडमध्ये मोठा मिक्सर होता. खोलीएवढं पोलादी पिंप, आत पुरुषभर उंचीची पाती. आठवड्याभरात आतली पूड दगडासारखी धरायची, मग फिटरनं आत उतरून ती छिन्नीनं काढायची. नियम साधा होता. आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं लाल कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात. कुलपाला पत्र्याची पाटी: ‘आत माणूस आहे.’ खाली दोन रकाने, आत गेल्याची वेळ आणि बाहेर आल्याची. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. मालकाच्या बापालाही दुसऱ्याचं काढता येत नाही.

फिटर माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. मी म्हणायचो म्हणून अख्खी शेडच त्यांना दाजी म्हणायची.

मॅनेजरला आम्ही मागून सेकंदसाहेब म्हणायचो. गळ्यात स्टॉपवॉच, हातात पेन. बोलताना हाताशी येईल त्या लोखंडावर पेन वाजवायचे, टक टक टक. अक्कल बेताची, घाई पोतंभर. माणूस लघवीला निघाला तरी बटण दाबायचे.

त्या दिवशी दाजींनी पाटीवर लिहिलं, आत ११.१०. मी स्टोअरमधून फ्यूज आणायला गेलो. परत आलो तेव्हा मिक्सर फिरत होता आणि सेकंदसाहेबांच्या हातात कुलपं कापायची लांब दांड्याची कात्री होती.

“कुणीतरी कुलूप विसरून गेलं होतं,” ते म्हणाले. “अकरा मिनिटं फुकट!”

अहवाल आला: कामगाराने कुलूप लावले नव्हते, निष्काळजीपणा त्याचाच. खाली आम्ही नऊ जणांनी सह्या ठोकल्या. पाचवी माझी.

“लावलं होतं ना रे त्यांनी?” बहिणीनं विचारलं.

“मी फ्यूज आणायला गेलो होतो, ताई.”

दाजींच्या कपड्यांत सापडलेली किल्ली तिनं माझ्या हातावर ठेवली आणि दार लावून घेतलं.

दाजी गेल्याच्या नवव्या दिवशी सकाळी स्विचला लाल कुलूप होतं. पाटीवर दाजींचं अक्षर, एकच्या आकड्याला वर शेंडी काढायची खोड तीच. आत ११.१०.

“कुणाचा चावटपणा आहे हा?” सेकंदसाहेबांनी ते कापलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं. तिसऱ्याही. कात्रीच्या पात्याला खाचा पडल्या, पण माणूस काही शहाणा झाला नाही. कचऱ्यात टाकलेली कुलपं मी गुपचूप उचलली. सहाही कुलपांत माझ्याकडची किल्ली सुरळीत फिरली.

सातवं कापून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. “पूड धरलीय. उतर आत.”

“कुलूप द्या, साहेब.”

“कुलपं लावायचं बंद केलंय मी. वेळ खातात.”

“मग नाही उतरत. जिवाला धोका असेल तर नाही म्हणायचा हक्क आहे मला.”

“हक्क?” टक टक टक. “तो गेटवर सायकलीला अडकवून येत जा!”

 माझ्या तोंडातून निघालं, “दाजींनी कुलूप लावलं होतं. तुम्ही कापलंत. हे मी लिहून देतो, सहीसकट.”

मागे कुणीतरी पाना खाली ठेवला. मग आणखी कुणीतरी.

“भित्रे लेकाचे! दोन मिनिटांचं काम!” त्यांनी स्टॉपवॉच दाबलं, छिन्नी घेतली आणि स्वतःच आत उतरले.

स्विचपाशी खट्ट झालं.

लाल कुलूप. आसपास कुणी नव्हतं.

आतली छिन्नी थांबली.

“साहेब?”

मी वाकून पाहिलं. पाती स्वच्छ, तळ स्वच्छ. पुडीचा तो लिंबाचा वास. बाकी काही नाही.

पोलीस आले, पिंपात बॅटऱ्या मारून गेले. झाकण बोल्ट लावून बंद केलं. माझं लेखी निवेदन मी दिलं आणि त्या संध्याकाळी ताईनं दार उघडलं.

पुढच्या महिन्यात नवा मॅनेजर आला. मऊ बोलणारा, बिचारा.

“हे कुलूप कधी निघणार हो?”

“ज्याचं आहे, तो काढेल.”

तेवढ्यात पोलादामागून आवाज आला. टक. टक. टक. घाईत असलेल्या माणसासारखा.

त्याचा चेहरा पांढरा पडला. “आत... कुणी आहे?”

“पाटी वाचा की, साहेब.”

त्यानं वाचली. आत, ११.१०. बाहेरचा रकाना कोरा होता.

किल्ली माझ्या खिशात होती. अजून आहे.