मिक्सरची कुळी

उज्ज्वला रणपिसेने मिक्सर चालू केला, वाकून ऐकला आणि बंद केला. "कुठे येतोय आवाज?" ती म्हणाली.

निलांबरी परत आलेल्या मालाच्या टेबलाशी उभी होती. दोघी याच कारखान्यात इंजिनिअर. तक्रार पुन्हा तीच होती, आवाज येतो. मिक्सर मात्र शहाण्यासारखा चालत होता.

इथे नवं असं फारसं काही बनत नसे. घरोघरचे जुने मिक्सर जमा व्हायचे, मोटर आणि पाती तपासून पुन्हा जोडले जायचे, दुसऱ्या घरी जायचे. प्रत्येक मोटरवर डोळ्यांना न दिसणारी अंकखूण असे. तिच्यासमोर फोन धरला की मोटर कधी घडली, कुठे दुरुस्त झाली, आधी कोणाकडे होती, सगळं समोर येई. जुन्या वस्तूवर लोकांचा भरवसा बसावा म्हणून निलांबरीनेच ही सोय केली होती. नावही तिनेच दिलं होतं, 'कुळी'. त्या नावाचं तिला केवढं कौतुक!

उज्ज्वलाने खुणेसमोर फोन धरला. पहिलं घर: उज्ज्वला रणपिसे.

"अगं, हा तुझा?"

"लग्नातला. मोठा घेतला तेव्हा जमा केला. जातो आणि परत येतो बिचारा."

निलांबरीने 'आवाज येतो' म्हणून परत आलेल्या सगळ्या मिक्सरच्या कुळ्या पडद्यावर मागवल्या. मोटरींत काही साम्य नव्हतं. साम्य पहिल्या घरांच्या आडनावांत होतं. ती वाचता वाचता थांबली.

कोणता मिक्सर कोणत्या घरी जाणार हे 'जुळणी' नावाचा प्रोग्रॅम ठरवायचा. हल्ली माल परत येणं बरंच कमी झालं होतं आणि त्याबद्दल साहेबांनी निलांबरीची पाठही थोपटली होती. ते का कमी झालं, हे तिला आत्ता दिसलं. जुळणी आडनावं बघून मिक्सर वाटत होती. तिला जात कोणी शिकवली नव्हती. लोक परत करत गेले, ती शिकत गेली.

"मग हा जुळणीच्या हातून कसा सुटला? शेवटचं घर बघ," तीच यादी वाचत उज्ज्वला म्हणाली.

निलांबरीने पाहिलं. आईला पाठवायचा म्हणून तिनेच फळीवरचा हाताला लागला तो मिक्सर उचलला होता, जुळणीला न विचारता. ती फोन घेऊन खिडकीशी गेली.

"आई, मिक्सर का परत केलास?"

"आवाज येत होता गं."

"कसला?"

"तूच ना शिकवलंस, आधी कोणाकडे होता ते बघायला? नैवेद्याचं वाटण करायचं असतं त्यात. उगाच मनात किंतु नको."

निलांबरीला आईची लाज वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःची, कारण तोंडातून फक्त "बरं" एवढंच निघालं आणि तिने फोन ठेवला.

"आधीच्या घरांची नावं मी आजच कुळीतून पुसते," ती परत येऊन म्हणाली. "कोणाला काही दिसणारच नाही."

उज्ज्वला मिक्सरची वायर गुंडाळत होती. शेवटचं घर पडद्यावर तसंच होतं, निलांबरीच्या माहेरच्या पत्त्यासकट. फोन कोणाला केला होता, हे तिने विचारलं नाही.

"पूस की," ती म्हणाली. "पण निलांबरी, लाज त्यांची, मग पुसायचं नाव माझं का?"