ताकाची वाटी

हसू नका पोट्टेहो. हसायचं असंल तं उठा अन् आपापल्या घरी जा. अन् तो कंदील जरा बारीक कर गा शालिकराम, डोळ्यावर येते. हां... ऐका आता.

पाचपावलीतल्या रामाजीची गोष्ट आहे ही. माह्या मागाशेजारीच त्याचा माग होता, लुगडी विणे. एकोणीसशे सव्वीस साल, मार्गशीर्षातली अमावास्या.

रामाजीच्या डाव्या हाताले आदल्या वर्षी नागीण उठली होती. फोड वाळले, खपल्या पडल्या, पण आग काही गेली नाही. सदऱ्याची बाही लागली तरी ओरडे बिचारा. रात्री तं जास्तच. एका वैदूनं त्याले मिरचीचं तेल सांगितलं. जवसाच्या तेलात लाल मिरच्या कढवायच्या अन् रोज लावायचं. पहिले आठ दिवस माणूस नाचते, मंग हळूहळू हात थंडा पडते.

ते तेल त्याची बायको जयवंता लावून दे. दुसऱ्या कोणाचा हात त्याले सोसेच नाही. पण मिरची पाण्यानं जात नाही न गा! जयवंताचे तळवे पेटत. सहा महिन्यांची पोरगी पाळण्यात रडे, अन् हिले तिले शिवता येये नाही. ताकात हात धुवे, तेव्हा कुठं आग जाय. अन् हात धुतले की हा पठ्ठ्या बोंबले, "आणखी एकडाव लाव वं! जीव चालला माहा!" ती पुन्हा तेलात हात घाले. पोरगी रडून रडून झोपे.

श्रावणात जयवंता तापानं गेली. ताप भरला त्या रात्रीही हात धुऊन ती पाळण्याकडे निघाली होती, अन् यानं हाक मारली. पोरीले घ्यायचं राहूनच गेलं. हे रामाजीले लय खाये.

तं अमावास्येच्या संध्याकाळी तो इतवारीच्या बाजारातून तेलाची नवी बाटली घेऊन आला. तवर शेजारच्या गोपिकाबाईनं पोरगी सांभाळली होती. तिनं पोरगी दिली, वर वाटीभर ताक दिलं.

"भाऊ, तेल लावलं की यात हात धुजा. मंगच पोरीले शिवजा."

त्यानं पोरीले पाळण्यात टाकलं, वाटी पाळण्याखाली ठेवली. बाटलीच्या बुचावर लाख लावली होती, ती काही एका हातानं निघाली नाही. तसाच पडला कण्हत.

दूर कुठंतरी बाराचे टोले पडले.

मंग... हातावर हात आला.

ओला. तिखट वासाचा. खांद्यावरून खाली... पुन्हा खांद्यावरून खाली... हलकाच.

"जयवंता?"

...

त्यानं डोळे उघडले नाहीत. चार महिन्यांनी हात थंडा पडत होता. त्याले रडू आलं. हे थांबूच नये, असं वाटलं त्याले.

तेवढ्यात पोरगी रडली.

हात थांबला... उचलला... आग पुन्हा भडकली. ओठावर हाक आली होती पोट्टेहो, रोजचीच हाक. त्यानं धोतराचा सोगा दातात धरला. थोड्या वेळानं सोडला.

"जा," तो म्हणे. "मले पुरे झालं वं. माह्यापायी तुले लेकरू घेता आलं नाही... जा. घे तिले."

...

अंधारात काहीतरी खळबळलं. पाळण्याची कडी वाजली. एकदा. पोरगी गप झाली... मंग हसली.

मंग काहीच नाही.

सकाळी गोपिकाबाई आली तं रामाजी पाळण्यापाशी बसलेला. बाटली मांडीवर, बुचावरची लाख जशीच्या तशी. हात पहिल्यासारखाच जळत होता. पुढं मरेपर्यंत जळला, पण तेल लाव म्हणून त्यानं पुन्हा कोणाले म्हटलं नाही.

बाई वाटी उचलाले वाकली अन् तशीच राहिली.

"भाऊ, ताक लाल काहून झालं?"

वर मिरचीच्या तेलाचा तवंग होता.