मॅटाडोरची डावी सीट

खालच्या रस्त्यावरून अँब्युलन्स गेली तेव्हा श्यामकांतकाका तिळाच्या वड्यांबद्दल बोलत होते. ते वाक्याच्या मध्येच थांबले. सायरन बसस्टँडच्या दिशेने लांब जाऊन विरला, तरी बोलेनात.

उत्तरेतल्या त्या शहरात, सेक्टर बावीसमधल्या एका भाड्याच्या घराची गच्ची. मधोमध कोळशाची अंगीठी, भोवती मराठी मंडळाची तरुण मुलं. संक्रांतीच्या कार्यक्रमाची बैठक केव्हाच उरकली होती, पण शेंगदाणे आणि तिळाचे गजक उरले होते, म्हणून कोणी उठत नव्हतं.

"काका, वड्या," क्षितिजने आठवण करून दिली.

"वाजवत गेली ना, म्हणजे बरं आहे," काका म्हणाले. "न वाजवता हळूहळू जाते ती वाईट."

"मतलब?" चिन्मयीने विचारलं. तिचा जन्म इथलाच. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं.

काकांनी उजवा हात शालीतून काढून निखाऱ्यांवर धरला. "हर्षवर्धन म्हणून एक होता आपल्या मंडळात. माझ्याच ऑफिसात. गेल्या उन्हाळ्यात बदली मागून गेला, तुम्ही नवे आहात, तुम्हाला माहीत नसेल. त्याच्या बाबतीत घडलेलं आहे. ऐकीव नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे होतो."

"काका, सगळ्या भुतांच्या गोष्टी अशाच सुरू होतात," क्षितिज हसला.

"भूत मी म्हणालो का?"

काकांनी सुरुवात केली.

हर्षवर्धन शहराच्या कडेला, मनीमाजऱ्याच्या बाजारात गेला होता कुकरची शिट्टी आणायला. शिट्टी राहिली बाजूला. भंगारवाल्यांच्या गल्लीत एका पडक्या भिंतीआड त्याला ती दिसली. जुनी मॅटाडोर व्हॅन. पांढरा रंग पापुद्र्यांनी सुटलेला, अंगावर फिकट झालेला लाल क्रॉस, टपावर दिव्याचा घुमट. एका खाजगी नर्सिंग होमची अँब्युलन्स होती ती. नर्सिंग होम कधीच बंद पडलं. चालवणाऱ्या ड्रायव्हरनेच तिथून ती घरी आणली, आणि तो गेल्यावर त्याचा मुलगा मोहिंदर तिच्यात कोंबड्या ठेवायचा.

हर्षवर्धन तिच्याभोवती फिरला, वाकून खाली शिरला, गुडघे काळे करून बाहेर आला. म्हणाला, "पुण्याची पोर आहे ही. आकुर्डीत जन्मली. आमच्या तिथल्या जुन्या घरापासून सायकलने जाता येतं."

त्याचा स्वभावच तसा. शिकलेला, मनाचा सरळ, पण धीर म्हणून नाही. जुन्या मोटारींच्या शौकिनांवर तो भडकायचा. "राजेरजवाड्यांच्या गाड्या पुसत बसतात. या गाडीत किती जीव वाचले असतील! तिला भंगारात घालतो आपण. लाज नाही वाटत?" एवढं बोलून हा गडी गाडी घेऊन मोकळा. ती ठेवायची कुठे? सरकारी क्वार्टरमध्ये परवानगी मिळेना. मग सेक्टरमधलं क्वार्टर सोडलं आणि मनीमाजऱ्यातच, मागे शेड असलेलं घर भाड्याने घेतलं.

त्याची बायको इंद्रायणी महिनाभर धड बोलली नाही त्याच्याशी. "लोक सेक्टरात घर मिळावं म्हणून खटपटी करतात, आणि हा गाडीला अंगण हवं म्हणून इथे आला."

हिवाळ्यात त्याची आई, रत्नप्रभाबाई, साताऱ्याहून राहायला आल्या. छातीचं दुखणं जुनं, जीभ मात्र तरुण. शेडच्या दारात खुर्ची टाकून उन्हात बसायच्या आणि म्हणायच्या, "हर्षा, माझ्याआधी हिला बरी करतोयस होय रे?"

"तू बरीच आहेस, आई."

"ती तरी कुठे तक्रार करतेय!"

सव्वीस जानेवारीला जुन्या गाड्यांची रॅली होती. तिथे गाडी न्यायचीच, असं त्याने ठरवलं होतं. इंजिन सुरू झालं. स्ट्रेचर सापडलं. टपावरचा दिवा फिरू लागला, तेव्हा तर तो लहान पोरासारखा नाचला. पण रस्त्यावर तो दिवा लावायचा नाही म्हणून स्वतःच त्याच्यावर कापडी खोळ शिवून घातली.

एकच गोष्ट खटकत होती. पुढे ड्रायव्हरच्या डावीकडे सीट नव्हती. नुसते बोल्ट. त्याला वाटलं, चोरीला गेली असेल. मोहिंदर म्हणाला, "नाही जी. पापाजींनी स्वतः काढली. विचारलं की म्हणायचे, जागा नको ठेवायला."

"कोणाला जागा?"

मोहिंदरने खांदे उडवले. मग बापाची आठवण निघाली, तसा तो सांगत सुटला. मागे पेशंटजवळ कंपाउंडर बसायचा. पुढच्या आणि मागच्या भागामधे पत्र्याचं पार्टिशन, इंजिनचा हा आवाज, हाक ऐकू यायची नाही. मग कंपाउंडर पत्र्यावर ठोकायचा. एकदा ठोकलं की थांब. दोनदा, की चल. आणि तीनदा...

"तीनदा म्हणजे?"

"तीनदा म्हणजे मरीज गेला. मग पापाजी टपावरचा दिवा बंद करायचे. सायरन बंद. गाडी हळू. आता घाई कसली?"

हर्षवर्धनला हे फार आवडलं. ऑफिसात येऊन त्याने मला सांगितलं. आणि त्याच आठवड्यात कुठूनशी जुनी सीट मिळवून त्या बोल्टांवर बसवली. मी म्हटलं, अरे, ज्याची गाडी त्याने काढली, तर राहू दे ना. तो म्हणाला, "काका, गाडी जशी होती तशी करायची, नाहीतर करायचीच नाही."

"सही तो है," चिन्मयी म्हणाली.

"हो," काका म्हणाले. "मलाही तेव्हा पटलं."

तेरा जानेवारी. लोहरीची रात्र. मनीमाजऱ्याच्या गल्ल्यांत शेकोट्या, ढोल, रेवड्या. आणि वरून धुकं उतरायला लागलेलं. हर्षवर्धनने त्या संध्याकाळी पार्टिशनला रंग दिला, दोन्ही बाजूंनी, क्रीम रंगाचा. मोहिंदर म्हणाला होता, या थंडीत रंग वाळत नाही, बैसाखीपर्यंत थांबा. पण हा कुठला थांबायला!

जेवणं झाली. ढोल थांबले. आणि रत्नप्रभाबाईंनी भिंतीला हात टेकला.

"इंद्रायणी... श्वास घेता येत नाही गं."

ओठ निळे पडत चालले होते. अँब्युलन्सला फोन लावला. धुक्यामुळे वेळ लागेल म्हणाले. घरची गाडी शेजारचे विश्राम सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर पाहुण्यांना आणायला घेऊन गेलेले. टॅक्सीवाले धुक्यात यायला तयार नाहीत. इंद्रायणी फोन हातात घेऊन नवऱ्याकडे बघत राहिली. मग दोघांनीही एकदमच शेडकडे पाहिलं.

आईला स्ट्रेचरवर घेतलं. डोकं पार्टिशनकडे. इंद्रायणी शेजारच्या बाकावर बसली. आणि या माणसाच्या तोंडून, त्या अवस्थेतही, काय निघावं? "पत्र्याला हात लावू नकोस, रंग ओला आहे!"

ती नुसतं बघत राहिली त्याच्याकडे. पुढे कित्येक दिवस ती नजर त्याला झोपू देत नव्हती.

दिव्यावरची खोळ त्याने ओढून फेकली. स्विच दाबला. लाल उजेड धुक्यात फिरायला लागला.

तुम्ही इथलं धुकं पाहिलंय. पण त्या रात्रीचं... बोनेटच्या पुढे जग नव्हतं. फूटपाथची कड धरून तो निघाला. मध्य मार्गाच्या हमरस्त्यावर चिटपाखरू नाही. लाल उजेड फिरून यायचा, धुक्यावर आपटायचा, परत फिरायचा.

हाउसिंग बोर्डाचा चौक मागे पडला आणि पत्र्यावर वाजलं.

टक. टक. टक.

त्याने गाडी थांबवली, धावत मागे गेला, दार उघडलं. इंद्रायणीने आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले होते. आईची छाती वर-खाली होत होती. कष्टाने. पण होत होती.

"थांबलास का?" इंद्रायणी ओरडली.

"तू ठोकलंस ना?"

"मी कशाला ठोकू? चल ना हर्ष, चल!"

त्याने दार लावलं. परत पुढे बसला. तेवढ्यात किती वेळ गेला? आईकडे किती होता? त्याला कळेना. गाडी निघाली.

आता तो स्वतःशीच बोलायला लागला. जुनी गाडी आहे. काहीतरी सैल आहे. पत्रा थंडीने वाजतो. वाजणारच.

आणि मग त्याच्या लक्षात आलं. तीन टकटकींचा अर्थ इंद्रायणीला माहीतच नव्हता. त्याने तिला कधी सांगितलाच नव्हता.

टक.

टक.

टक.

या वेळी जवळून. खूप जवळून.

थांबावं? थांबलो आणि आई असली, तर माझ्यामुळे जाईल. नाही थांबलो आणि...

त्याचा डावा हात दिव्याच्या स्विचवर होता.

त्याने तो तिथे ठेवला नव्हता.

बोट स्विचवर टेकलेलं. पाय आपोआप सैल होत होता. गाडी हळू होत होती. हळू... आणखी हळू. कसली शांतता होती ती, काका, असं म्हणाला मला. जणू कोणीतरी समजूत घालत होतं. आता घाई कसली...

"नाही!" तो किंचाळला. "आहे! आई आहे अजून!"

हात हिसकून त्याने स्टिअरिंगवर घेतला. पाय दाबला. डावीकडे पाहिलं नाही. का, ते त्यालाही सांगता येत नाही. मान वळली नाही. डाव्या गालाला गार लागत होतं. एवढंच.

ट्रान्सपोर्टचा गोल चौक आला.

टक.

तो थांबला नाही.

टक.

लाल उजेड फिरला.

टक...

त्यानंतर काही नाही. इंजिनसुद्धा जणू आवाज न करता चालत होतं.

हॉस्पिटलच्या दारात माणसं धावली. स्ट्रेचर आत गेलं. डॉक्टर बाहेर आला तेव्हा हर्षवर्धन जमिनीवर बसलेला होता. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाला. "आणखी थोडा उशीर झाला असता, तर काही सांगता आलं नसतं."

"बच गईं?" चिन्मयीने श्वास सोडला.

"वाचल्या. आजही साताऱ्यात खुर्ची टाकून उन्हात बसतात."

क्षितिजने गजकचा तुकडा उचलला आणि तसाच हातात धरला. "मग ठोकलं कोणी? इंद्रायणीवहिनींनीच ना? घाबरून. नंतर आठवलं नसेल."

"मीही हेच म्हणालो." काकांचा आवाज खाली आला. "सकाळी मी थर्मास घेऊन गेलो. हर्ष म्हणाला, काका, माझ्याबरोबर गाडीपाशी चला. रंग ओला होता. ठोकलं असेल तर खूण असेल. खूण दिसली की माझ्या डोक्यातलं जाईल."

दोघं गेलो. धुकं विरळ झालं होतं. मागचं दार उघडलं. पार्टिशन समोर. आरशासारखं. एक ओरखडा नाही, बोट नाही, धुळीचा कण नाही. इंद्रायणीचे हात मी पाहिले होते. स्वच्छ. बाईंचेही स्वच्छ.

हर्षने पत्रा वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिला. मग हसला. सुटल्यासारखा. "म्हणजे भास होता."

"भासच," मी म्हटलं.

तो चावी काढायला पुढे गेला. दार उघडलं. आणि तिथेच थांबला.

पार्टिशनची पुढची बाजू. केबिनच्या आतली. डाव्या सीटच्या मागे, बसलेल्या माणसाने हात उचलून मागे ठोकावं, त्या उंचीवर. बोटांच्या पेरांच्या तीन खुणा. ओल्या रंगात रुतलेल्या. हर्षने ड्रायव्हरच्या जागेवर बसून हात लांब केला. पोचला नाही. मधे इंजिनचं झाकण येतं. डावीकडे बसल्याशिवाय तिथे हात पोचतच नाही.

दुपारी गाडी मोहिंदरकडे परत नेली. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मरीज गेला, की मागून पुढे सांगायचे जी," तो म्हणाला. "ड्रायव्हरला कळावं म्हणून. पुढून मागे... पुढून मागे कोणाबद्दल सांगायचं?"

त्याने पाना आणला. हर्षकडे न बघता सीटचे बोल्ट सोडवायला बसला.

गच्चीवर अंगीठीतला निखारा फुटला. चिन्मयी दचकली.

"आणि गाडी?" क्षितिजने विचारलं. आता तो हसत नव्हता.

"मोहिंदरच्या भिंतीआडच आहे. गेल्या आठवड्यात त्या बाजूला गेलो होतो, म्हणून डोकावलो. वर्ष झालं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पार्टिशनचा रंग दगडासारखा घट्ट झालाय. नख रुतत नाही. फक्त त्या तीन खुणांत बोट टेकवलं, तर..."

ते थांबले.

काकांनी निखाऱ्यांवर धरलेला उजवा हात हळूच मागे घेतला आणि मूठ मिटून शालीत लपवला. पण चिन्मयी त्यांच्या अगदी शेजारी बसली होती. तर्जनीच्या टोकावरचा क्रीम रंग तिला दिसला होता. अंगीठीच्या उजेडात तो चकाकत होता. ओला.