आतून लागलेली कडी

विश्वास ठेवायचा तर ठेवा. हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि मी तिथे उभा होतो.

ताई इस्पितळात नर्स. तिच्या वॉर्डात एक घड्याळवाले काका होते. फुटपाथवर घड्याळं दुरुस्त करायचे, तिथेच झोपायचे. कॅन्सर, शेवटचा टप्पा. डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, घरी न्या.

घर कुठलं?

ताईनं शहरातले सगळे निवारे पालथे घातले. सगळीकडे एकच सूर. "मरायला टेकलेला माणूस नको बाई."

शेवटी एका लॉजच्या मागची बंद खोली मिळाली. तिथे पूर्वी एक शिवणकाम करणारी बाई आजारानं एकटीच गेली होती. तेव्हापासून त्या खोलीत कुणी टिकत नव्हतं.

"नंतर तक्रार नको," मालक म्हणाला.

"जिवंत माणसांनी दारं लावली," ताई म्हणाली. "मेलेलीचं मी बघून घेईन."

दुसऱ्याच दिवशी काका म्हणाले, "ती बाई फार मायेनं पाणी पाजते गं."

कुठली बाई?

उशाशी भरून ठेवलेला ग्लास... अर्धा रिकामा होता.

काकांना हातही उचलता येत नव्हता.

मी म्हटलं, "ताई, यांना इथून हलवू."

"कुठे हलवू? सांग ना." तिनं ग्लास विसळला आणि पुन्हा भरून ठेवला.

मग लॉजमधली गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. भिंतीपलीकडून शिलाई मशीनचा आवाज येतो म्हणे. खोलीत खाटेशिवाय काही नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी मालक दोन माणसं घेऊन आला. आम्ही नुकतेच पोहोचत होतो.

"म्हाताऱ्याला आत्ता बाहेर काढा."

ताई दारात आडवी उभी राहिली. "आधी मला उचला."

त्यानं तिला बाजूला सारून दार ढकललं.

उघडेना.

आतून... कडी लागली होती.

मालकानं दारावर मूठ आपटली.

आणि आतून... अगदी दाराला ओठ लावल्यासारखा... बाईचा आवाज आला.

"हळू. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. तो गेला, तो पुन्हा त्या खोलीकडे फिरकला नाही.

ताई दारापाशी गेली. शांतपणे म्हणाली, "कडी काढा. मी आहे."

कडी सरकली.

काका आठवड्याभरानं गेले. स्वच्छ चादरीवर, झोपेत. त्यांच्या शर्टाची उसवलेली बाही... शिवलेली होती. ताईला टाका घालता येत नाही. मला तर नाहीच.

आता ताईनं तिथे पुलाखाली राहणाऱ्या एका आजींना आणलंय. त्यांचेही थोडेच दिवस उरलेत. मी रोज दूध नेतो, उंबऱ्यावर ठेवतो, आत पाहत नाही.

काल ताई ड्यूटीवर होती. आजींची वाचा केव्हाच गेलीय.

तरी आतून कुणीतरी म्हणालं... "ठेव."

मी ठेवलं. घरी येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

उद्याही जाणार आहे.