कुंडातलं कोमट पाणी

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे. आणि मावशीला तिखटमीठ लावून सांगता येत नाही. पाहुण्यांच्या तोंडावर 'साखर संपलीय' म्हणणारी बाई आहे ती.

गेल्या वर्षीचा मार्च. मंगळवार. दुपारचे दोन.

मावशी चर्चमध्ये साफसफाई करायची. वेदीवरची पांढरी वस्त्रं धुऊन इस्त्री करायची, पितळी मेणबत्तीदानं घासायची, बाकांखाली सांडलेलं मेण खरवडायचं. एकोणीस वर्षं हेच काम. दुपारी आत चिटपाखरू नसायचं.

दाराजवळच्या कोपऱ्यात बाप्तिस्म्याचं दगडी कुंड आहे. वर जड लाकडी झाकण. बाळ आणतात त्या दिवशीच त्यात पाणी भरतात, एरवी कोरडं.

मावशी वेदीपाशी मेणबत्तीदान पुसत होती.

आणि आवाज आला...

टप्.

तिने छताकडे पाहिलं. गळती कुठेच नव्हती.

टप्... टप्...

आवाज कुंडातून येत होता.

तिने झाकण सरकवलं. कुंड काठोकाठ भरलेलं. बोट बुडवलं...

पाणी कोमट होतं. बाळाला गार लागू नये म्हणून करतात, तेवढंच कोमट.

कोणीतरी भरून ठेवलं असेल, असं म्हणत तिने मगाने पाणी उपसलं, फडक्याने कुंड कोरडं केलं, झाकण लावलं. बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी पुन्हा भरलेलं दिसलं, तशी ती फादरांकडे गेली. ते म्हणाले, या महिन्यात एकही बाप्तिस्मा नाही, पाणी कोण भरेल? दोघं मिळून बघायला आले.

कुंड ठणठणीत कोरडं होतं.

मावशी तिथेच बाकावर बसली. आणि इतकी वर्षं जे कोणापाशी काढलं नव्हतं, ते तिच्या तोंडून बाहेर पडलं.

सव्वीस वर्षांपूर्वी तिला मुलगा झाला होता. दोन महिने आधी, घरातच. चाळीस मिनिटं जगला. तिचे यजमान तेव्हाच्या फादरांना आणायला धावत गेले. ते दोघं येईपर्यंत बाळ गार पडलं होतं. बाप्तिस्मा राहिला तो राहिलाच, आणि त्याविना गेलेला जीव मधेच अडकून राहतो असं तिने लहानपणापासून ऐकलं होतं.

फादर तिच्या शेजारी बसले. मग हळूच म्हणाले, "अशा वेळी फादर लागत नाहीत, बाई. पाणी घेऊन बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं. आईसुद्धा."

"हे मला कोणी सांगितलंच नाही," मावशी म्हणाली.

तिच्या उशाशी पाण्याचा ग्लास होता त्या दिवशी. तो तिला लख्ख आठवत होता.

शुक्रवारी ती दोनच्या आधीच कुंडापाशी जाऊन उभी राहिली.

टप्...

झाकण काढलं. पाणी होतं. पण या खेपेला आणखी एक आवाज होता. बारीक. अगदी जवळून...

श्वासाचा.

अपुऱ्या दिवसांचं बाळ घेतं तसा. अडखळत.

मावशी घाबरली नाही. तो श्वास तिने चाळीस मिनिटं ऐकला होता.

तिने तीन बोटं पाण्यात बुडवली. मनातच ठेवलेलं नाव पहिल्यांदा मोठ्याने घेतलं. जिथून श्वास येत होता तिथे, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, तीनदा पाणी सोडलं.

फरशीवर एक थेंबही पडला नाही...

श्वास थांबला.

तिने कुंडात पाहिलं. तळाला साधी ओलसुद्धा नव्हती.

हे तिने मला त्याच रविवारी सांगितलं. सांगून झाल्यावर विचारलं, "मी त्याला पोचवलं, की घालवलं गं?"

मी म्हणाले, पोचवलंस. अगदी ठामपणे म्हणाले.

"इतकी वर्षं तो इथेच कुठेतरी होता," ती म्हणाली. "मला कळलं, आणि चारच दिवस मिळाले."

मी तिचा हात हातात घेतला. उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं सुरकुतली होती, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी. वस्त्रं धुतली असतील, म्हणून मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

आता वर्ष उलटून गेलं. चर्चमधलं काम तिने केव्हाच सोडलंय.

बोटं अजून तशीच आहेत. तीच तीन.

डॉक्टरांना काही उलगडा झाला नाही. त्यांनी मलम लिहून दिलं, मी स्वतः आणून दिलं. मावशीने नळी उघडलीसुद्धा नाही. "राहू दे," एवढंच म्हणाली, आणि मूठ मिटून घेतली.

परवा ती झोपली होती. मी पांघरूण घालायला वाकले. मूठ तेव्हाही मिटलेलीच होती... आतून कोणीतरी धरून ठेवल्यासारखी.