कोरडी वल्ही

ही घटना खरी आहे. मी स्वतः धक्क्यावर उभी होते, म्हणून छातीठोकपणे सांगते. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं त्यांनी तर नक्कीच वाचा. आमच्याकडे जे घडलं ते दिवसाढवळ्या, दुपारच्या चहाच्या वेळी.

आधी थोडं घरचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमचे हे आणि माझे धाकटे दीर एकाच होडीवर मासेमारी करायचे. भाऊजी चांगले सहा फूट उंच, पण घरात सगळे त्यांना बारक्याच म्हणायचे. हे सुकाणूवर बसायचे, भाऊजी मोटरीपाशी. धक्क्याचा दोर सोडला की हे ओरडायचे, "घे रे बारक्या!" आणि भाऊजी हँडल मारून मोटर सुरू करायचे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

मोटर जुनी होती. तीन ठोके नीट पडायचे, चौथा ती गिळून टाकायची. टक, टक, टक... आणि गप्प. धक्क्यावरचे लोक तिला लंगडी म्हणायचे.

लंगडीचा आवाज सासूबाईंना घरात बसून ओळखू यायचा. तो आला की त्या चार ताटं मांडायच्या. दोन्ही मुलगे आल्याशिवाय त्यांनी कधी घास तोंडात घातला नाही.

आणि एक दिवस हे तापाने फणफणले. भाऊजी एकटेच गेले.

ते परत आलेच नाहीत. ना ते, ना होडी, ना लंगडी. शोधायला गेलेल्यांना एक फळीसुद्धा मिळाली नाही.

सासूबाई रडल्या नाहीत. "येईल. उशीर होतोय, एवढंच," असं म्हणाल्या आणि चार ताटं मांडत राहिल्या. मला ते चौथं ताट उचलून ठेवताना रोज भरून यायचं.

हे मग दुसऱ्यांच्या होड्यांवर राबले. शेवटी एकदाची स्वतःची होडी घेतली. नुसती होडी, मोटर नाही. मोटर पुढेमागे बसवू म्हणाले.

खाडीच्या पलीकडच्या सुताराने ती बांधली होती. मी बघायला गेले होते. ताजं लाकूड, रंगाचा वास, आणि मागच्या बाजूला मोटर बसवायची चौकट. रिकामी.

"बिनमोटरची होडी म्हणजे बिनबैलाची गाडी," सुतार हसत म्हणाला. "वल्ही मारून मारून हात भरून येतील, दादा."

"येऊ देत," हे म्हणाले. "स्वतःच्या होडीत हात दुखले तर दुखू देत."

हे होडी घेऊन पाण्यातून निघाले आणि मी पुलावरून चालत. मी आधी पोहोचले. धक्क्यावर शेजारचे आजोबा जाळं दुरुस्त करत बसले होते. वारा पडलेला. पाणी अगदी स्तब्ध.

आणि मग लांबून आवाज आला...

टक, टक, टक...

गप्प.

टक, टक, टक...

मी आजोबांकडे बघितलं.

"लंगडी आली," आजोबा मान वर न करता म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं. हातातलं जाळं तसंच राहिलं.

वळणावरून होडी पुढे आली. आमचीच, नवी कोरी. सरळ धक्क्याकडे येत होती. हे सुकाणू दोन्ही हातांनी धरून बसले होते. वल्ही होडीत आडवी पडलेली.

होडी धक्क्याला लागली आणि आवाज बंद झाला. ह्यांचा चेहरा पांढराफटक. मी वाकून वल्ह्यांना हात लावला...

कोरडी. पात्यापासून मुठीपर्यंत ठणठणीत कोरडी.

मग कुणास ठाऊक का, मी त्या रिकाम्या चौकटीवर तळवा टेकवला.

लाकूड गरम होतं.

घरी आल्यावर हे बोलले.

"माझंच चुकलं. दोर सोडला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं. घे रे बारक्या, म्हणालो. आणि... सुरू झाली."

"मग?"

"मग होडी वळली. घराकडे नाही, समुद्राकडे. सुकाणू जागचं हलेना. मी ओरडलो, हाका मारल्या, हातापाया पडलो. काही नाही. खाडीचं तोंड दिसायला लागलं तेव्हा म्हणालो, बारक्या, आई जेवायची थांबलीय रे..."

"आणि?"

"लगेच वळली."

मागे वळून बघते तर दारात सासूबाई. त्यांनी सगळं ऐकलं होतं. भ्यायल्या नाहीत. पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मी सांगत नव्हते? उशीर होतोय, एवढंच."

मी ह्यांच्या मागे लागले, ती होडी विकून टाका. सासूबाईंनी साफ नाही म्हटलं. मग मोटर तरी बसवू म्हणून मिस्त्रीला बोलावलं, तर त्यालाही त्यांनी दारातून परत पाठवलं.

"एका होडीत दोन मोटरी कशाला?" म्हणाल्या.

मिस्त्री हसला. आम्हाला हसू आलं नाही.

हे त्याच होडीने जायला लागले. मी अडवलं तर म्हणाले, "भाऊ आहे माझा. त्याला टाकून कुठे जाऊ?"

त्या दिवसापासून रोज तेच. दोर सोडला की आवाज सुरू व्हायचा. जाळी टाकून, मासे काढून होईपर्यंत सगळं ठीक. परतायच्या वेळी मात्र होडी आधी समुद्राकडेच वळायची. हे म्हणायचे, बारक्या, आई जेवायची थांबलीय. मग ती घराकडे वळायची.

लोक चेष्टा करायचे, "तुमचं बरंय, डिझेल लागत नाही." पण त्या होडीत पाय ठेवायला कुणी तयार नसायचं. माझा जीव टांगणीला. टक, टक, टक ऐकू येईपर्यंत मला काही सुचायचं नाही. ज्या आवाजाची भीती, त्याचीच मी वाट बघायचे.

सासूबाई मागच्या आठवड्यात गेल्या. झोपेतच गेल्या. आदल्या दिवशीही त्यांनी चार ताटं मांडली होती.

मी शेजाऱ्यांना बोलावून होडी काठावर ओढून घेतली. पालथी घातली. साखळी लावली, कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे ठेवली.

आज सकाळी तिच्याजवळून जात होते...

पालथ्या होडीच्या खालून आवाज येत होता.

टक, टक, टक...

मी पळत घरी आले. ह्यांना काही सांगितलं नाही. पण जेवताना हेच हळूच म्हणाले, "आई गेली हे बारक्याला कुणीतरी सांगायला हवं ना गं?"

"अहो, सांगितलंत तर तो मागे कशाला वळेल?"

आईबद्दल खोटं बोलणं ह्यांना जमायचं नाही. आणि बारक्याशी तर हे उभ्या आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत.

आत्ता मी लिहितेय आणि आमचे हे बाहेर पायरीवर बसलेत. फडकं घेऊन वल्ही पुसतायत.

त्या वल्ह्यांना आजवर पाणी लागलेलं नाही.

किल्ली माझ्या मुठीत आहे. ह्यांनी ती अजून मागितलेली नाही.