चोविसावा दिवस

बस अशी जवळ. सकाळी तू येऊन गोड बातमी सांगितलीस, तेव्हापासून ही गोष्ट जिभेवर आहे. तुझ्या बाबांनाही मी ती कधी पुरती सांगितलेली नाही.

तुझ्या जन्माआधी मी मेणमास्तरांच्या हाताखाली काम करायचे. वैद्यकीय कॉलेजच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या. एकीत स्टोव्ह आणि मेणाची पातेली, दुसरीत काळे पडदे आणि प्रोजेक्टर. आईच्या पोटात पहिल्या काही आठवड्यांत जीव कसा घडतो, ते विद्यार्थ्यांना हातात धरून पाहता यावं म्हणून आम्ही मेणाचे नमुने करायचो. खरा गर्भ तांदळाच्या कणीएवढा. त्याचे शेकडो बारीक काप स्लाइडवर चिकटवलेले असत. एकेक स्लाइड प्रोजेक्टरला लावायची, कागदावर मोठी होऊन पडलेली सावली पेन्सिलीने गिरवायची, त्या आकाराचा मेणाचा पातळ थर कापायचा आणि थरावर थर रचत जायचं. महिन्याभरात कणीचा भोपळा व्हायचा. "निसर्ग हे काम तीन आठवड्यांत उरकतो, तुला पाच लागतात," मास्तर चिडवायचे, "आणि पगार मात्र तुला." घरी गेले तरी वेणीला मेणाचा गोडसर वास असायचा. ते दिवस आठवले की अजून जीव गलबलतो बघ.

मास्तरांचा कायदा एकच होता. सावलीत जे दिसेल तेच गिरवायचं. पुस्तकात काय असायला हवं, आपल्या मनात काय आहे, ते नाही.

तेव्हा माझी पाळी चुकून दहा दिवस झाले होते. त्याआधी दोनदा तिसऱ्या महिन्याच्या आत सगळं संपलं होतं. दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून या वेळी ताकही फुंकून पीत होते. तुझ्या बाबांखेरीज कुणाला अवाक्षर बोलले नव्हते, सासूबाईंनाही नाही. हे तरी टिकू दे, एवढंच मनात चालायचं. जिना चढताना, मेण ढवळताना, तेच.

एका दुपारी मास्तर मेण आणायला बाजारात निघाले. जाताना त्यांनी कपाटातून स्लाइडची एक जुनी पेटी काढून दिली. तिच्यावर फक्त 'दिवस चोविसावा' एवढं लिहिलेलं. डोक्याकडच्या स्लाइड गिरवून ठेव, म्हणाले. गर्भाच्या पाठीवर एक खोबण असते, ती मिटत मिटत तिची नळी होते. चोविसाव्या दिवशी डोक्याकडचं तोंड अजून उघडं असतं आणि एक-दोन दिवसांत मिटतं. नाही मिटलं, तर मेंदू घडत नाही, मूल जगत नाही.

मी पडदे ओढून घेतले. बाहेर रणरणतं ऊन, आत हाताला हात दिसेना. प्रोजेक्टरचा पंखा घुरघुरत होता. कागदावर खोबणीचे दोन काठ समोरासमोर पडले होते, मध्ये फट. मी डावा काठ गिरवला. उजवा घेतला, तर फट जरा अरुंद वाटली. डोळे चोळले…

पंख्याचा आवाज बंद पडला होता. दिवा मात्र चालू होता. आणि खोलीत दुसरा एक आवाज होता… अगदी मंद, लयीत, कुणी ओल्या बोटाने टेबलावर टकटक करावं तसा. पलीकडे मेणाला उकळी आली असेल, असं वाटलं. मग आठवलं, स्टोव्ह मी पेटवलाच नव्हता. तरी गरम मेणाचा दाट वास येत होता. कागदावर ते दोन काठ एकमेकांकडे सरकत होते. कसली घाई नव्हती त्यांना. माझी पेन्सिल थांबेना. काठ जिथे टेकले, तिथे रेघ जुळली. आवाज थांबला. पंखा पुन्हा सुरू झाला.

मास्तर आले. कागद उचलून उजेडात नेला.

"हे कुणी मिटवलं?"

"सावलीत तसंच दिसलं, मास्तर."

त्यांनी स्लाइड पुन्हा लावली. फट होती तशीच उघडी. आता बोलणी बसणार, म्हणून मी मान खाली घातली. ते कागदावरच्या रेघेवरून बोट फिरवत होते.

"या पेटीवरून मी तीनदा नमुना घडवला," ते म्हणाले. "तिन्ही वेळा तोंड उघडंच ठेवलं. हात शिवशिवायचे… पण दिसेल तेच काढायचं ना." मग आवाज आणखी खाली आला. "आमचं होतं ते, पोरी. माझ्या बायकोचं. नंतर आम्हाला झालंच नाही."

मास्तरांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "तुझे किती झाले?"

मी तर त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. तरी दहा दिवस वर गेल्याचं सांगितलं. गर्भ राहतो तो पाळीच्या तारखेआधी चौदा दिवस; त्यांनी बोटांवर दहात ते चौदा मिळवले, चोवीस झाले, आणि मूठ मिटून घेतली.

त्या संध्याकाळी माझ्या कागदावरून त्यांनी स्वतः मेण कापलं. थर बसवून कडा गरम सुरीने सांधल्या. पेटी कपाटात गेली, तिला आम्ही दोघांनीही पुन्हा हात लावला नाही. तू पुऱ्या दिवसांची झालीस, धडधाकट. मास्तर तुला बघायला आले आणि तुझ्या टाळूवर तळवा ठेवून लहान मुलासारखे रडले. दोन वर्षांनी ते गेले. तुला ते आठवत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

गेल्या मंगळवारी कॉलेजातून फोन आला. नवीन डॉक्टरीणबाई आहेत, जुन्या स्लाइड कॉम्प्युटरवर चढवतायत. फार अदबीने बोलल्या. पेटीवर चोविसावा दिवस लिहिलाय, पण आत दुसऱ्याच स्लाइड गेल्यात का, असं विचारत होत्या.

"डोकं पूर्ण मिटलंय, डोळे आलेत," त्या म्हणाल्या. "आणि हातांवर बोटांच्या रेघा उमटायला लागल्यात…"

बोटं आमच्या मोजणीने चाळिसाव्या दिवसाच्या आसपास दिसतात. पेटी तीस वर्षं बंद आहे, एवढंच मी त्यांना सांगितलं. तेव्हा तुझी बातमी मला ठाऊकही नव्हती.

तुझे किती दिवस झाले, हे मी सकाळपासून विचारलेलं नाही; मागे मोजून त्या मंगळवारी चाळीस निघाले, तर? तूही सांगू नकोस.